शेतकऱ्याच्या नावातलं न दिसणारं अक्षर

पट्टी म्हणजे काय, हे नांदगाव-मनमाडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: बाजार समितीत कांदा विकला की वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडणारी रक्कम लिहिलेला जो कागद मिळतो, तो. आठवीतली एक मुलगी असाच कागद शाळेत घेऊन आली होती. तिचे अब्बा मार्केटमध्ये हमाली करतात, त्यामुळे पट्टीवरच्या कपातीच्या ओळी तिला माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. संगणकाच्या तासाला आम्ही त्या पट्टीचाच प्रोग्राम करायला घेतला.

(उर्दू-मराठी शिकवणाऱ्याकडे संगणकाचा तास कसा, असं विचाराल तर संगणकाचा शिक्षक नव्हता आणि स्टाफरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसणारा मी एकटाच होतो. रात्री एक धडा शिकायचा आणि सकाळी तो शिकवायचा, असं चाललं आहे.)

पायथॉन या भाषेत पट्टी ही पाच-सहा ओळींची गोष्ट आहे. वजनाला एक नाव द्यायचं, भावाला एक, दोघांचा गुणाकार करायचा, त्यातून हमाली-तोलाई वजा करायची. मी फळ्यावर ही नावं सवयीने इंग्रजीत लिहिली. मुलगी म्हणाली, “सर, वजनला ‘वजन’च लिहिलं तर नाही चालणार?” मला उत्तर माहीत नव्हतं. लिहून पाहिलं, तर चाललं. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं देवनागरीत आणि उत्तर बरोबर. मग पोरांनी आकडेही मराठीत टाकून पाहिले. प्रोग्रामच्या ओळीतच ‘४२’ लिहिलं तर पायथॉन अडतो. पण प्रोग्रामने वजन विचारल्यावर कोणी ‘४२’ टाइप केलं आणि ते ‘इंट’मधून पुढे गेलं, तर तो निमूटपणे बेचाळीस समजतो. उर्दू आकड्यांतले बेचाळीसही समजतो. हे पाहून वर्गात जो गलका झाला त्याबद्दल शेजारच्या वर्गावरच्या मॅडमची मी नंतर माफी मागितली.

घोडं अडलं ते ‘शेतकऱ्याचे_नाव’ या नावाशी. वर्गातल्या संगणकावर मुलांनी टाइप केलेलं चाललं. मी घरी मोबाइलवर टाइप करून आणलेलं चाललं नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या. अक्षरागणिक सारख्या. तरी एक चालते आणि दुसरीवर पायथॉन म्हणतो की यात एक न दिसणारं अक्षर आहे, ते मला चालत नाही. माझी ती संध्याकाळ त्यातच गेली.

मराठी शिकवणाऱ्याला शेवटी उलगडा झाला तो मराठीमुळेच. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पहिला आमच्या उर्दूतला, तिथे तो नदी आणि मराठीत येऊन समुद्र झालेला. दुसरा डोंगरातल्या दरीचा. फरक फक्त त्या अर्ध्या र चा आहे. एकात तो रफार होऊन डोक्यावर जातो, दुसऱ्यात डोळ्याच्या पापणीसारखा बाजूला बसतो. संगणकात ही पापणी दोन रीतींनी लिहिता येते. एक, त्यासाठी असलेलं ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन. दोन, साधा र, त्याला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण टाकून. कोणता कीबोर्ड यातली कोणती रीत वापरतो, हे टाइप करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. माझ्या मोबाइलने दुसरी रीत वापरली होती. पायथॉन नावांमध्ये ती जोडखूण घेत नाही. म्हणजे इंग्रजीतला ‘फार्मर’ आत जातो, आणि शेतकरी त्याच्या षष्ठीपाशी अडकण्याची शक्यता राहते.

आता हे असं का, याचा शोध घेताना मला जे सापडलं त्याबद्दल हा लेख आहे. हे असं आहे कारण कोणीतरी वाद घातला, कोणीतरी लिहून ठेवलं आणि कोणीतरी निर्णय घेतला. त्यात आकाशातून पडलेलं काही नाही.

पायथॉनमध्ये काही नवं आणायचं असेल तर एक लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. त्याला ‘पेप’ म्हणतात. ही पद्धत २००० सालापासून आहे. प्रस्तावात काय हवं, का हवं, जुने प्रोग्राम मोडतील का, हे तर लिहायचंच, शिवाय कोणत्या पर्यायांचा विचार केला आणि ते का नाकारले हेही लिहायचं. नांव देवनागरीत, उर्दूत, चिनीत, रशियनमध्ये लिहू द्यावीत हा प्रस्ताव २००७ साली आला. त्याचा क्रमांक ३१३१. मांडणारे मार्टिन फॉन ल्योविस हे जर्मन गृहस्थ. त्यांचा मुद्दा साधा होता. जगात प्रोग्राम लिहिणारे असे पुष्कळ लोक आहेत ज्यांना इंग्रजी नीट येत नाही. त्यांना आपल्या कल्पनेला आपल्या भाषेतलं नाव देता आलं तर त्यांचा प्रोग्राम त्यांना आणि त्यांच्या भाषेतल्या दुसऱ्या माणसाला अधिक नीट वाचता येईल. विरोध जोरात झाला. आम्हाला वाचता येणार नाही अशा लिपीत लोक प्रोग्राम लिहितील, हा एक आक्षेप. सारखी दिसणारी पण वेगळी असलेली अक्षरं घोटाळा करतील, हा दुसरा. प्रस्ताव मंजूर झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये तो लागू झाला. आज माझ्या वर्गातली मुलगी ‘हमाली’ असं लिहू शकते ते त्यामुळे.

दुसरा आक्षेप खोटा नव्हता, हे मी आता अनुभवाने सांगतो. ‘ॲप’मधला ॲ घ्या. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात तो वर्णमालेत घेतला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली होती. पण तोच ॲ लोक ‘अ’वर चंद्र टाकूनही लिहितात. पडद्यावर दोन्ही एक, संगणकाला दोन. पायथॉन सारख्या अक्षरांची काही रूपं आपणहून एक करून घेतो, ही दोन करत नाही. उर्दूत तर हा घोटाळा पाचवीपासून चालतो. अरबीचा ‘ये’ आणि उर्दूचा ‘ये’ शब्दाच्या मध्ये आले की हुबेहूब, शेवटी आले की एकाखाली दोन नुक्ते आणि दुसऱ्याखाली नाहीत. ‘काफ’चंही तसंच. ज्याने कुराण वाचायला अरबी आणि शाळेत उर्दू अशी दोन्ही लिखाणं शिकली आहेत त्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला देवनागरीही येते आणि इंग्रजीही येते. लिपी म्हणजे काय भानगड असते, याबद्दल नांदगाव-मालेगावच्या उर्दू शाळेतल्या मुलाला जेवढं माहीत असतं तेवढं एकाच लिपीत वाढलेल्या भल्याभल्या इंजिनिअरला नसतं. आणि हेच मूल या वादात कुठेही नसतं, याचं मला वाईट वाटतं.

त्या न दिसणाऱ्या जोडखुणेचं उदाहरण पाहा. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेच्या २००९ च्या नियमावलीत ती जोडखूण आणि तिची उलटी बहीण, म्हणजे अक्षरं तोडणारी खूण, अशा दोन्ही नावांमध्ये चालतील असं ठरवलं गेलं. कारणही तिथे लिहिलं आहे: काही भाषांत शब्द नीट लिहायला या खुणा लागतात. तोडखूण फारसीत लागते, जोडखूण आपल्याला लागते. म्हणजे एका ठिकाणी शेतकऱ्याला दार उघडलं, दुसऱ्या ठिकाणी नाही. लगेच जावास्क्रिप्टला शाबासकी देऊ नका. तिथे दोन रीतींनी लिहिलेला शेतकरी आत तर येतो, पण दोन वेगळे शेतकरी म्हणून. एकाच्या नावावर कांदा आणि दुसऱ्याच्या नावावर पैसे, असा प्रोग्राम काहीही न कुरकुरता चालत राहील. पायथॉन निदान दारातच अडवतो. पट्टीच्या बाबतीत मी अडवणाऱ्याच्या बाजूने आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की अडवताना नीट सांगा. ‘न दिसणारं अक्षर’ आणि त्याचा युनिकोड क्रमांक, एवढी सूचना इंजिनिअरला पुरते. आठवीतल्या मुलीला ती आपली चूक वाटते. ती ‘शेतकरी’ हा शब्द खोडून इंग्रजी टाकते आणि पुढे आयुष्यभर समजते की आपल्या भाषेत काहीतरी खोट आहे. ‘ऱ’ वेगळा टाइप करून पाहा, असं एक वाक्य त्या सूचनेला जोडलं तर कोणाचा जुना प्रोग्राम मोडणार नाही. अशी मागणी मांडायला भाषा बदलावी लागत नाही. कारण लिहावं लागतं.

हे वाचून काही मित्र पुढची उडी घेतात, ते मला माहीत आहे. मग संपूर्ण भाषाच मराठीत का नको? ‘इफ’ऐवजी ‘जर’, ‘एल्स’ऐवजी ‘नाहीतर’? तमिळमध्ये ‘एळिल’ नावाची अशी भाषा झाली आहे. रॅम्झी नासर यांनी ‘कल्ब’ नावाची भाषा अरबीत केली, आणि नाव वाचूनच आमच्या लोकांचं मन भरून येतं. मी या बाजूचा नाही. पायथॉनचे राखीव शब्द आहेत ३५. पोरं ते महिन्याभरात पाठ करतात, गॅस सिलिंडरवरचे शब्द करावेत तसे. पण स्वतंत्र मराठी भाषा केली तर त्या मुलीला पुढच्या पायरीवर मदत कोण करणार, पुस्तक कुठलं, चूक कोणाला दाखवणार? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मराठी आवाजात धडे केले ते अशाच प्रचलित साधनांचे, आणि ते शहाणपणाचं आहे. राखीव शब्द जगाचे राहू द्या. नावं आपली असू द्या.

यात एक फायदा मला अनपेक्षितपणे सापडला. भाषा एखादा शब्द स्वतःसाठी राखून घेते तेव्हा तो लोकांच्या हातून जातो. २०१८ साली पायथॉन ३.७ मध्ये ‘असिंक’ हा शब्द राखीव झाला आणि ज्यांनी आपल्या प्रोग्रामात ते नाव वापरलं होतं त्यांचे प्रोग्राम मोडले. त्यातून धडा घेऊन २०२१ साली ‘मॅच’ हा नवा शब्द आणताना तो अर्धराखीव ठेवला, म्हणजे जुन्या लोकांची त्या नावाची खाती चालू राहिली. हे वाद इंग्रजीत नावं ठेवणाऱ्यांचे. ‘तोलाई’वर असा दावा कोणी सांगणार नाही. मुलीची पट्टी त्या बाबतीत कायमची सुरक्षित आहे.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी ईदला घरी आला होता. त्याला हे दाखवलं. तो हसला. म्हणाला, “सर, असं लिहून आमच्याकडे दिलं तर टीम परत पाठवेल.” तो बरोबर आहे. पायथॉनच्या स्वतःच्या नियमातही, त्याच्यासोबत येणाऱ्या प्रमाण ग्रंथालयात नावं साध्या इंग्रजी अक्षरांतच असावीत असं सांगितलेलं आहे. दहा देशांतली माणसं जिथे एकत्र काम करतात तिथे एक लिपी ठेवावी लागते. पण नोकरीचा नियम आठवीच्या वर्गाला का लावायचा? २०२० च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे. तिथे मूल एकाच वेळी दोन गोष्टींशी झगडतं, विचाराशी आणि इंग्रजीशी. ‘डिडक्शन’चं स्पेलिंग चुकलं म्हणून प्रोग्राम बंद पडला, तर मूल समजतं की आपला हिशोब चुकला. हमालाच्या मुलीचा हमालीचा हिशोब चुकलेला नव्हता. मी त्या विद्यार्थ्याला म्हटलं, तुला मी नस्तालिक शिकवली तेव्हा आधी तख्तीवर लिहायला लावलं होतं, कॉलेजात तू तख्ती नेली नाहीस.

उर्दूचं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. देवनागरीत जमतं तसं उर्दूत अजून जमत नाही. नियम दोघांना सारखाच, पण उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. ‘वजन’ हे नाव उर्दूत लिहून त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि ५ टाकले, तर अनेक एडिटरांत पडद्यावर ५ डावीकडे आणि वजन उजवीकडे दिसतं. त्यात इंग्रजी ‘इफ’ आला की ओळीचं भरीत होतं. भर म्हणून २०२१ साली केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं की दिशा बदलणाऱ्या छुप्या खुणा वापरून प्रोग्राम वाचणाऱ्याला एक आणि संगणकाला दुसरं दाखवता येतं. धोका खरा होता. पायथॉनवाल्यांनी त्यावर ६७२ क्रमांकाचा सविस्तर कागद लिहिला, गिटहबने अशा फायलींवर इशारा लावायला सुरुवात केली. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्यांची चौकीवर जरा जास्त तपासणी होते, याची आम्हाला तशीही सवय आहे. पण तो कागद वाचला तर त्यात संशयाचा सूर नाही. सगळ्या लिपींचे धोके, इंग्रजीतल्या शून्य आणि ‘ओ’चेसुद्धा, एकाच पंक्तीला बसवले आहेत. मला ते आवडलं.

वाद नेहमी असा सभ्य राहिला असं नाही. २०१८ साली ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावरून जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही मशीद ट्रस्टच्या मीटिंगला लाजवेल. विषय काय, तर एक चिन्ह. कोलन आणि त्यापुढे बरोबर. वजन विचारून घे, त्याला नाव दे आणि ते शून्य नाही ना हेही तपास, असं सगळं एकाच ओळीत करता यावं म्हणून. एका बाजूचे म्हणत होते, याने दोनदा लिहिणं वाचेल. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, एका ओळीत दोन कामं कोंबली की वाचणाऱ्याचा जीव जाईल. पायथॉनचे जनक खीदो फान रॉसम स्वतः त्या प्रस्तावाच्या तीन लेखकांपैकी एक. त्यांना गमतीने ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ म्हटलं जायचं. प्रस्ताव मंजूर झाला, आणि त्या जुलै महिन्यात त्यांनी ते पद सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं लढायचं आणि तरी इतक्या लोकांनी निर्णयाचा तिरस्कार करायचा, हे पुन्हा नको, असं त्यांनी लिहिलं. वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले.

लोकांनी ठरवलंही. अनेक पद्धतींचे लेखी प्रस्ताव आले, मतदान झालं आणि पाच जणांचं निवडून दिलेलं सुकाणू मंडळ आलं. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त लोक त्यात असू शकत नाहीत. पहिल्या मंडळात, २०१९ साली, निवडून आलेल्या पाचांत फान रॉसमही होते, आता पाचातले एक म्हणून. आपल्याकडे ‘शूरा’ या नावाची आख्खी सूरत आहे आणि मशवऱ्यावर दर जुम्याला बयान होतं. पण घराण्याबाहेरचे किती आणि घरातले किती, याचा नियम मी कुठल्या कमिटीच्या घटनेत अजून वाचलेला नाही.

मला सर्वात जास्त भावली ती नाकारलेल्या मतांची नोंद. ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. हनफी फिकहची किताब उघडा, इमाम अबू हनीफांच्या मताशेजारी त्यांच्याच शागिर्दांचं, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांचं वेगळं मत लिहिलेलं असतं. उस्तादाशी असहमत असलेला शागिर्द पुस्तकातून काढून टाकलेला नाही. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, चौदा होते, पुढे चार वाढून अठरा झाले. मी ते वीस वर्षं शिकवतो आहे. अनुस्वार का गेले हे मुलं विचारतात तेव्हा माझ्या हातातल्या पुस्तकात नियम असतो. वाद कोणी घातला, विरोधात कोण होतं आणि ते का हरलं, हे नसतं. मग मी ‘नियम आहे’ एवढंच सांगतो, आणि मुलं ते तोंड करतात जे आपणही कधीतरी केलेलं असतं.

तर आम्ही लिहायला घेतलं आहे. एका वहीत, आधी मराठीत. दर्या-दऱ्याचं उदाहरण, दोन रीती, कोणत्या कीबोर्डवर काय येतं त्याचा तक्ता (तो मुलांनी घरातले सगळे मोबाइल गोळा करून केला, त्यात तीन चुका आहेत), आणि सूचनेत कोणतं वाक्य वाढवावं ते. जोडखुणेला सरसकट परवानगी द्या, ही मागणी आम्ही ‘नाकारलेल्या पर्यायां’त टाकली आहे. त्यावर वर्गात दोन दिवस भांडण झालं आणि नाकारणाऱ्यांच्या विरोधातली चार नावंही आम्ही लिहून ठेवली. इंग्रजी करायला पुण्याचा तो विद्यार्थी तयार झाला आहे, जरा कुरकुरत. हमालाच्या मुलीचं म्हणणं आहे की उदाहरणातल्या पट्टीत हमालीचा दर आम्ही घाईत कमी लावला आहे, तो आधी दुरुस्त करायचा. उद्या पहिलं काम ते.